पाच कागद, एक तपासणी

या, असे जवळ सरकून बसा. लांबून ऐकणारा अर्धं ऐकतो आणि उरलेलं पदरचं घालतो, आणि आज जी गोष्ट सांगायची आहे ती घडली तीच मुळी तेवढ्यावरून. गोष्ट राजाची नाही, साधुपुरुषाची नाही. कागद सांभाळणाऱ्या एका बाईची आहे. पण देवाला अमुकच जागा हवी असं थोडंच असतं? कधी तो फायलींच्या कपाटामागेही उभा असतो, आणि आपण मात्र त्याला दिवा लावून दुसरीकडेच शोधत बसतो.

तर सर्किट बोर्ड बनवणारा एक कारखाना होता. विजेचे मीटर, बहिऱ्या माणसांची कानातली यंत्रं, रक्तदाब मोजायचे डबे, अशा वस्तूंच्या पोटात बसणारे हिरवे बोर्ड तिथे तयार व्हायचे. त्या कारखान्यात जिन्याखाली एक खोली होती. बसलं तर डोकं नीट राहायचं, उठलं की पायरी लागायची. या खोलीत आपली ही बाई बसायची. कारखान्यात तिला सगळे कागदवाली म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

आता म्हणाल, बोर्डांच्या कारखान्यात कागदांचं एवढं काय काम? सांगते ऐका. हल्ली बोर्ड नुसता चालून भागत नाही. तो करताना काय-काय वापरलं, त्यातलं पाण्याला काय बाधतं, हवेला काय बाधतं, माणसाला काय बाधतं, हे गिऱ्हाइकाला लिहून दाखवावं लागतं. ती माहिती दहा दिशांनी येते. माल विकणाऱ्याचं माहितीपत्रक, प्रयोगशाळेचा अहवाल, सरकारी यादी, उद्योगसंघाचं जाडजूड मार्गदर्शक, मासिकातला लेख. यातला कुठला कागद भरवशाचा आणि कुठला नुसताच गोडबोल्या, हे पारखून सही करायची, हे कागदवालीचं काम.

तिची एक रीत होती. ती कागद खालून वर वाचायची. आधी तळाच्या बारीक टिपा, मग तारीख, मग सही, आणि सगळ्यात शेवटी मथळा. प्रत्येक कागदाला तिचे तीनच प्रश्न: कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, आणि स्वतः कधी पाहिलं? लोक हसायचे. म्हणायचे, हिच्या हातात लग्नाची पत्रिका दिली तरी ही आधी छापखान्याचा पत्ता वाचेल.

एका सोमवारी खरेदीसाहेब त्या खोलीत वाकून आले. वाकूनच यावं लागायचं. साहेब माणूस वाईट नव्हे. बोलायला मऊ, पायाला चाकं लावल्यासारखा कायम घाईत. त्यांनी एक निळी फाईल टेबलावर ठेवली.

"बाई, तुमच्यासाठी सोपं काम आणलंय. पाच कागद आहेत. पाचही एकच गोष्ट सांगतात. गुरुवारी पाचच्या आत सही हवी."

"एकच गोष्ट सांगतात म्हणजे आपसांत ठरवून आलेत का?" कागदवालीनं चष्मा नाकावर चढवत विचारलं.

साहेब हसले. "तुमचं आपलं काहीतरीच. नवं धुण्याचं द्रव घेतोय आपण. पिंपं शुक्रवारी सकाळी येतायत."

सोल्डरिंग झालं की बोर्डावर एक चिकट, पिवळट थर राहतो. तो धुवून काढावा लागतो, नाहीतर चार महिन्यांनी बोर्ड दगा देतो. आजवर हे धुणं गरम साबणी पाण्यानं व्हायचं. तापवा, धुवा, खळबळा, वाळवा, चाळीस मिनिटं जायची. नवं द्रव थंडच वापरायचं, बोर्ड बुडवायचा, काढायचा, सहा मिनिटांत कोरडा. पेट घेत नाही, डाग ठेवत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाची अट एवढीच होती की कुठलंही नवं द्रव वापरण्याआधी ते पर्यावरणाला आणि माणसाला निर्धोक असल्याचे निदान पाच स्रोत दाखवा, आणि ते कुणीतरी पारखून घ्या.

"ठेवा," कागदवाली म्हणाली. "बघते."

"बघायचं काय त्यात? सही तर करायची."

"साहेब, तुम्ही दुकानात कांदा दाबून बघता की नाही?"

साहेबांनी हात जोडले आणि वाकूनच बाहेर पडले.

त्या संध्याकाळी घरी एक छोटी गोष्ट घडली. कागदवालीचं घर एकत्र. ती, तिचे यजमान, दीर, धाकटी जाऊ आणि सासूबाई. धाकटी त्याच कारखान्यात होती, धुण्याच्या विभागात. दोघी जावा एकत्र जायच्या, एकत्र यायच्या, आणि वाटेत एवढ्या बोलायच्या की घरी आल्यावर त्यांच्याकडे बोलायला काही उरायचं नाही, असं दीर म्हणायचे.

जेवणं होऊन धाकटी ताटं उचलत होती. हातातली वाटी सुटली. घरंगळत दारापर्यंत गेली.

"आज तिसरी," सासूबाई म्हणाल्या. "भांड्यांवर राग आहे का तुझा?"

"हात ओले होते आई."

कागदवालीनं पाहिलं, हात कोरडे होते. भांडी विसळायला दोघी मागच्या ओट्याशी गेल्या तेव्हा तिनं हलकेच विचारलं, "काय होतंय गं?"

"काही नाही ताई."

"काही नाही हे उत्तर मी कागदावर चालवून घेत नाही, तुझं कसं चालवू?"

धाकटीनं नळ मोठा सोडला, म्हणजे आत ऐकू जाऊ नये. "बोटांना मुंग्या येतात. पायाच्या तर जास्त. दुपारनंतर चप्पल पायात आहे की नाही तेच कळत नाही. परवा तू मागे थांबली होतीस ना, तेव्हा एक चप्पल बसमध्ये राहिली आणि मी तशीच घरापर्यंत आले. हसू नको."

कागदवाली हसली नव्हती. "कधीपासून?"

"तीन आठवडे होतील. ते नव्या द्रवाचे नमुन्याचे डबे आले ना, त्याची चाचणी माझ्याच टाकीवर आहे. पण त्याचं नसेल ते. साहेब म्हणाले पाच-पाच कागद आलेत, एकदम निर्धोक आहे."

"रविवारी होतं का?"

धाकटी थांबली. हातातली वाटी तशीच धरून तिनं आठवून पाहिलं. "रविवारी सकाळी कमी असतं. सोमवारी दुपारी परत." मग घाईनं म्हणाली, "यांना सांगू नको हं. लगेच म्हणतील नोकरी सोड."

"सांगत नाही. पण तू रोज लिहून ठेव. किती वाजता सुरू झालं, किती वाजता कमी झालं."

"मी काय कागद आहे का तुझा?"

"आहेस. आणि माझ्याकडे आलेल्या कागदांत तू एकटीच अशी आहेस की जिनं ते द्रव स्वतः पाहिलंय."

त्या रात्री देवापुढे हात जोडताना तिनं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, की घरचं माणूस आहे म्हणून माझी नजर वाकडी होऊ देऊ नकोस, आणि घरचं माणूस आहे म्हणून मी डोळे मिटणार नाही, एवढंही बघ.

मंगळवारी सकाळी ती आधी धुण्याच्या विभागात गेली. लांबट खोली, भिंतीला दोन पंखे, त्यातला एक बंद. नव्या द्रवाच्या टाकीवर तिघीजणी होत्या. तिनं तिघींना एकत्र विचारलं नाही. एकीनं हो म्हटलं की दुसरी मान डोलावते, हे तिला ठाऊक होतं. एकेकीला पाणी प्यायच्या वेळी बाजूला घेतलं, आणि "मुंग्या येतात का" असंही विचारलं नाही. नुसतं विचारलं, "हल्ली अंगात काही वेगळं?" धाकटी सोडून दुसरीनं सांगितलं की जिना उतरताना पाय कुठे पडतोय ते बघावं लागतं. तिसरी म्हणाली, मला काही नाही, फक्त डोकं जड होतं. मग कागदवाली साबणी पाण्याच्या टाकीवरच्या पाचजणींकडे गेली. त्यांना पाठदुखी होती, सासूदुखी होती, पण मुंग्या कुणालाच नव्हत्या.

हे तिनं वहीत मांडलं, आणि खाली स्वतःच लिहिलं: माणसं थोडी, तीन आठवडेच झाले, यातली एक माझी जाऊ. यावर सही होत नाही. पण यावाचूनही होत नाही.

मग निळी फाईल उघडली. पाच कागद टेबलावर पसरले आणि आपल्या रीतीप्रमाणे खालून वर वाचायला घेतले.

पहिला कागद मासिकातला लेख. मोठा मथळा, गुळगुळीत पान. त्यात लिहिलं होतं की हे द्रव इतकं सौम्य आहे की तोंडाला पट्टी न लावताही वापरता येतं. तळाशी टीप: आधार, उद्योगसंघाचं मार्गदर्शक.

दुसरा कागद म्हणजे दुसऱ्या एका कारखान्याचं पत्र. आम्हीही वापरतो, निर्धोक आहे. कशावरून? उद्योगसंघाच्या मार्गदर्शकावरून.

तिसरा, द्रव विकणाऱ्यांचं नवं माहितीपत्रक. "पर्यावरणाला आणि वापरणाऱ्याला पूर्ण निर्धोक." तळाशी आधार म्हणून तोच मासिकातला लेख.

चौथा, इंटरनेटवरून काढलेली प्रत. ही तर मार्गदर्शकाचीच जशीच्या तशी नक्कल, छपाईतल्या चुकांसकट.

पाचवा कागद म्हणजे खुद्द ते मार्गदर्शक. त्यात या द्रवाबद्दल तीन शब्द होते: हवेला अपाय नाही.

कागदवालीनं पेन्सिलीनं एकेका कागदाकडून दुसऱ्याकडे रेघ ओढली. सगळ्या रेघा फिरून फिरून पाचव्या कागदाशी आल्या. म्हणजे साक्षीदार पाच नव्हते, एकच होता. बाकीचे चौघे त्याचं ऐकून आलेले. आणि ऐकता ऐकता गोष्ट वाढत गेली होती. संघ म्हणाला हवेला अपाय नाही, मासिक म्हणालं पट्टी नको, आणि विक्रेता म्हणाला पूर्ण निर्धोक.

"बरं," ती त्या पाचव्या कागदाला म्हणाली, "आता तू सांग बाबा. तुला कुणी सांगितलं?"

मार्गदर्शकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आधारांची यादी होती. तिथे लिहिलं होतं: सदस्य कारखान्याची नोंद. पुढे कारखान्याचा खूण-क्रमांक आणि कार्डाचा आकडा, दोनशे बारा.

तो खूण-क्रमांक ती रोज लिहायची. तिच्याच कारखान्याचा होता.

तिनं चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. उठली तर डोक्याला पायरी लागली, तेही तिला कळलं नाही. नोंदींच्या कार्डांचा खालचा खण ओढला. दोनशे दहा, दोनशे अकरा, दोनशे बारा. दोन वर्षांपूर्वीचं कार्ड, तिच्याच वळणदार अक्षरात: हवेला अपाय नाही. त्याला टाचणीनं लावलेलं विक्रेत्याचं जुनं माहितीपत्रक, आणि त्यात छापलेलं मूळ वाक्य असं होतं की तपासणीत ओझोनच्या थराला अपाय आढळला नाही.

ओझोनचा थर म्हणजे आपल्या डोक्यावर, ढगांच्याही पलीकडे. धाकटी श्वास घेते ती हवा टाकीच्या काठावर.

तिला तो दिवस आठवला. कार्डांचा ढीग पडलेला, शेरा लिहायचा चौकोन दोन बोटं रुंद. त्यात "ओझोनच्या थराला" मावेना. तेव्हा ते द्रव कारखान्यात येणारही नव्हतं, नुसती नोंद करून ठेवायची होती. म्हणून तिनं शब्द कमी केले. वर्षाअखेरीला सगळ्या कार्डांच्या नकला रिवाजाप्रमाणे संघाला गेल्या, आणि संघानं विश्वासानं छापली. या कागदवालीचं नाव होतं ना, की ती तपासल्याशिवाय लिहीत नाही.

बराच वेळ ती कार्ड हातात धरून बसली. काडी लावली असती तर चिमूटभर राख झाली असती. कुणाला कळणार होतं? निळ्या फायलीवर "स्रोत कच्चे" असं लिहून ती मोकळी झाली असती, आणि चूक संघाच्या डोक्यावर गेली असती. मनात असलं काही येत नाही असं म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आलं तिच्याही. पण मग तिनं कार्ड निळ्या फायलीत सगळ्यात वर ठेवलं आणि वर क्लिप लावली, अशी घट्ट की पुन्हा काढायची म्हटली तर नख तुटावं.

आता उरला होता तिसरा प्रश्न. स्वतः कुणी पाहिलं? जुन्या माहितीपत्रकात प्रयोगशाळेचा अहवाल क्रमांक होता, आणि मागे त्या अहवालाचं एक पान जोडलेलं होतं. बुधवारी सकाळी तिनं फोन लावला.

पलीकडचा कारकून म्हणाला, "फार जुना आहे तो. तपासणाऱ्या बाई निवृत्त झाल्या."

"अहवाल किती पानांचा आहे?"

"थांबा." कपाट करकरलं. "दोन."

विक्रेत्यानं माहितीपत्रकाला जोडलं होतं ते एकच पान.

"दुसरं पान वाचून दाखवता का?"

"तसं फोनवर नाही सांगता येत. या तुम्ही. आणि त्या बाईंना कळवू का? त्यांचे अहवाल कुणी विचारले की आवडतं त्यांना. आजवर कुणी विचारलेले नाहीत."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून कागदवाली प्रयोगशाळेत पोहोचली. फाटकाशीच एक वृद्ध बाई काठी टेकून उभ्या होत्या. केस पांढरे, चपलांचे पट्टे घोट्याला घट्ट बांधलेले.

"तूच का गं ती, दुसरं पान विचारणारी?"

"हो बाई."

"चल. इतकी वर्षं झाली, आज कुणीतरी पान उलटलं."

आत बाकावर बसून दोघींनी तो अहवाल मधे ठेवला. पहिल्या पानावर आकडे आणि निष्कर्ष: ओझोनच्या थराला अपाय आढळला नाही. दुसऱ्या पानावर मोजकं लिहिलेलं होतं. कागदवालीनं सवयीनं तळापासून सुरुवात केली.

"श्वासावाटे गेल्यास मज्जातंतूंवर काय परिणाम होतो, हे आम्ही तपासलेलं नाही. बंद खोलीत सहा आठवडे काम करताना तपासणाऱ्या व्यक्तीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. हे मोजलेलं नाही, फक्त नोंदवत आहे. वापरण्यापूर्वी याची स्वतंत्र तपासणी व्हावी."

"तपासणारी व्यक्ती म्हणजे?" कागदवालीनं विचारलं, पण तिची नजर काठीकडे गेलीच.

"मीच. पण काठीचं म्हणशील तर ती त्यानंच आली की वयानं, ते देव जाणे. म्हणून मी काठी लिहिली नाही. मुंग्या आल्या होत्या, तेवढ्या लिहिल्या. माझे साहेब म्हणाले, बाई, हे दुसरं पान कशाला? विचारलंय ते आभाळाचं, आपण आभाळाचं सांगितलं. मी म्हटलं, जे तपासलं नाही तेही लिहायला नको का? नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, सगळंच पाहून झालं."

कागदवाली म्हणाली, "बाई, तुमचं वाक्य मी कापलं. माझ्या चौकोनात मावलं नाही म्हणून." आणि तिनं कार्डाची सगळी हकिगत सांगितली.

वृद्ध बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. एवढंच विचारलं, "मग आता काय करणार आहेस?"

"उद्या सही मागतायत."

"आणि?"

"देणार नाही."

"नुसतं नाही म्हणून भागत नाही गं. काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, दोन्ही लिहून दे. नाही म्हणणाऱ्याला बाजूला सारता येतं. लिहिलेलं बाजूला सारायला कुणाला तरी स्वतःची सही करावी लागते."

गुरुवारी दुपारी कागदवाली स्वतःच जिना चढून खरेदीसाहेबांकडे गेली. साहेबांची मान फोनमध्ये होती. फाईल बघून त्यांचा चेहरा खुलला.

"झाली सही?"

"झाली. पण तुम्हाला हवी तिथे नाही."

साहेबांनी फोन ठेवला. तिनं पाच कागद, पेन्सिलीच्या रेघा, कार्ड, जुनं माहितीपत्रक आणि अहवालाची दोन पानं, सगळं क्रमानं मांडलं आणि एकेक करून सांगितलं. साहेबांनी दोनदा मधे बोलायचा प्रयत्न केला, तिनं दोनदा तळहात दाखवला.

"म्हणजे या पाचांत खोटं कोण बोललं?" ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. प्रत्येकानं थोडंथोडं कमी केलं आणि थोडंथोडं वाढवलं. पहिली कात्री माझी."

"बाई, हे तुम्ही लिहून दिलंत तर ठपका तुमच्यावर येईल, कळतंय ना?"

"म्हणून तर पहिल्या ओळीत लिहिलंय, तुम्हाला शोधावं लागू नये."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आणि त्या मुंग्या. तुमची जाऊ आहे ना त्या टाकीवर? उद्या वरचे विचारतील, घरच्या माणसापायी कारखाना अडवला का."

"विचारू देत. तिचं बोलणं मी सगळ्यात शेवटी ठेवलंय, आणि माझं नातं तिथेच लिहिलंय. ते पान काढून टाका. तरीही उरतं काय ते बघा. आभाळासाठी केलेली एक तपासणी, आणि ती करणारी बाई स्वतः सांगते की माणसासाठी आणखी तपासा. साहेब, तुमच्याकडे पाच कागद नाहीत. एकच आहे, आणि तो एकही तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही."

"पिंपं उद्या येतायत. चाळीस मिनिटांचं काम सहावर आणतो असं मी वर सांगून बसलोय."

"मग वर सांगा की कागदवालीनं अडवलं. माझं नाव खुशाल घ्या. पण मला बाजूला सारायचं असेल तर या रिकाम्या जागेत तुम्ही सही करा. लिहा की द्रव माणसाला निर्धोक आहे, हे मी स्वतः पाहिलंय." तिनं पेन पुढे केलं.

पेन तसंच हवेत राहिलं. तिनं हात मागे घेतला नाही. साहेबांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग दुसऱ्या पानाच्या तळाच्या ओळीकडे. त्यांचा स्वतःचा हात एकदा खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि परत आला.

"बसा बाई," शेवटी ते म्हणाले. तिला या खोलीत बसायला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. "आधी ते विक्रेत्याला विचारायचं पत्र तयार करू. काय-काय विचारायचं ते तुम्ही सांगा."

शुक्रवारी पिंपं आली. बारा, निळ्या झाकणांची. फाटकाच्या आत शेडमध्ये उभी राहिली, झाकणं बंद. नमुन्याचे डबेही तिथेच गेले. धुण्याच्या विभागात पुन्हा साबणी पाणी तापू लागलं, चाळीस मिनिटांचं. बायका कुरकुरल्या, की पुन्हा तीच वाफ आणि तेच हात सोलणं. धाकटी सगळ्यात जास्त कुरकुरली. "तुझ्यापायी माझी सहा मिनिटं गेली," ती जावेला म्हणाली, आणि संध्याकाळी बसमधून उतरताना न सांगता तिचा दंड धरून उतरली.

कागदवालीला ठपक्याचं पत्र मिळालं. दोन ओळींचं. तिनं ते तळापासून वाचलं, बरोबर आहे म्हणाली आणि स्वतःच्याच फायलीत लावलं. उद्योगसंघाला दुरुस्तीचं पत्र गेलं, त्या दुसऱ्या कारखान्याला गेलं, मासिकालाही गेलं. संघानं ते तीन शब्द काढून पूर्ण वाक्य छापलं, आणि खाली "माणसावरील परिणाम तपासलेला नाही" असंही. मासिकानं उत्तर दिलं नाही. त्या दुसऱ्या कारखान्यातून मात्र एक फोन आला. पलीकडे कुणी बाई होत्या, नाव सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "मुंग्या येतात म्हणालात ना, त्या जातात का हो नंतर?"

कागदवालीनं तेव्हा जे ठाऊक होतं तेच सांगितलं. आमच्या एकीच्या गेल्या. दुसरीच्या हातांच्या गेल्या, पायांच्या कमी झाल्या, डाव्या पायाच्या करंगळीला अजून कळत नाही. डॉक्टर म्हणतात थांबा. पुढचं आम्ही अजून पाहिलेलं नाही. पण तुम्ही आजच टाकी सोडा, आणि तुमच्या डॉक्टरांना हे दुसरं पान दाखवा, मी पाठवते.

कारखान्यानं मग स्वतंत्र तपासणी करायला दिली, तिचा निकाल यायला सात महिने लागले. त्यात लिहून आलं, की या द्रवाची वाफ श्वासावाटे गेली की मज्जातंतूंना बाधते. पिंपं परत गेली. निकालाची प्रत घेऊन कागदवाली दोन बस बदलून त्या प्रयोगशाळेत गेली, की वृद्ध बाईंना दाखवावी. कारकून म्हणाला, बाई मागच्या महिन्यात गेल्या. शांतपणे गेल्या, झोपेत. कागदवालीनं मग ती प्रत त्याच्याकडून त्या जुन्या अहवालाच्या मागे लावून घेतली, तिसरं पान म्हणून.

तर माझ्या माणसांनो, एवढंच मागणं. उठून जाल, हातपाय धुवाल, देवापुढे उभे राहाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की त्या काठीवाल्या तपासनीस बाईंनाही आठवा. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. अहवालावर नुसती सही आहे, आणि ती वाचता येत नाही. पण जे पाहिलं ते त्यांनी लिहिलं, आणि जे पाहिलं नाही तेही लिहिलं, कुणी पान उलटेल की नाही याची वाट न बघता. त्यांना आठवा.